मुद्रा आणि अंतरंग

(महोत्सवानिमित्त देवळाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव-समितीनें आम्हांस चार शब्द बोलावयास सांगितलें, तेव्हां विषय निवडण्याचें काम आमच्यावरच सोंपविलें. तो विषय आम्हांस कोठें सांपडला तें आधीं सांगतों. या सभागृहाच्या भिंतीवर, आपल्या उजव्या हातास, एक जुनें सामुदायिक छायाचित्र टांगलेलें आहे. गेल्या महिन्यांत धूळ पुसण्याकरितां तें खालीं उतरविलें असतां एका लहान मुलीनें आम्हांस विचारलें, "हे सगळे लोक एवढे रागावलेले कां आहेत?" आम्हीं हंसून उत्तर दिलें कीं, बाळे, ते रागावलेले नाहींत, 'हलूं नका' म्हणून त्यांस फोटोवाल्यानें दटावलेलें आहे. फोटोग्राफीच्या अगदीं आरंभीच्या काळीं कांचेवर ठसा उमटावयास फार वेळ लागे. ओठांवरचें हंसूं तितका वेळ टिकत नाहीं; गंभीर मुद्रा टिकते. पुढें कांचा व फिल्मा जलद झाल्या, तरी फोटो म्हणजे ताठ उभें राहून करडें दिसावयाचें, ही चाल कित्येक वर्षें तशीच चालूं राहिली. मुलीचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. "मग यांतले चांगले कोण आणि वाईट कोण, हें कसें कळायचें?" असें ती म्हणाली. याचें उत्तर आमच्यापाशीं तयार नव्हतें, आणि म्हणून आम्हीं आज हाच विषय घेतला आहे: मनुष्याच्या बाह्य स्वरूपावरून त्याचें अंतरंग ओळखतां येतें काय?

पांडित्य मिरविण्याची आमची इच्छा नाहीं. या बाबतींत आमच्या हातून एकदां मोठा प्रमाद घडलेला आहे. तो ओघानें आपणांसमोर सांगूं.

आपली मराठी भाषा या वादांत दोन्ही पक्षांची वकिली करते. चेहरा हा मनाचा आरसा, असें आपण एका श्वासांत म्हणतों. आणि दुसऱ्या श्वासांत, दिसतें तसें नसतें म्हणून जग फसतें, असेंहि म्हणतों. वरून कीर्तन आंतून तमाशा, ही म्हण ज्यानें काढली त्यास कोणी तरी चांगलेंच फसविलें असावें. संत चोखामेळा यांनीं वांकड्या उसाचा दाखला देऊन, वरच्या रूपास भुलूं नये असें आपल्या अभंगांत सांगितलें. आणि ज्या समाजानें तो अभंग आवडीनें गाइला त्याच समाजानें चोखोबांस पंढरीच्या देवळाच्या आंत येऊं दिलें नाहीं. म्हण माहीत असणें निराळें आणि ती पाळणें निराळें.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मनांत क्षणभर उसळणारा विकार आणि मनुष्याचा कायमचा स्वभाव या दोन भिन्न गोष्टी होत. भीति, शोक, लज्जा, संताप हीं तोंडावर उमटतात, यांत शंका नाहीं. सुप्रसिद्ध सृष्टिशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यानें 1872 सालीं मनुष्य व प्राणी यांच्या भावदर्शनावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परंतु लाल झालेलें तोंड 'हा मनुष्य आतां रागावला आहे' एवढेंच सांगतें. 'हा मनुष्य रागीट आहे' असें सांगत नाहीं. आणि तो न्यायानें रागावला आहे कीं अन्यायानें, हें तर मुळींच सांगत नाहीं. मंदिरांत सराफांचे चौरंग उलथून टाकतांना आपल्या प्रभूची मुद्रा सौम्य खासच नसेल. तेव्हां आमचा प्रश्न विकारांविषयीं नाहीं, शीलाविषयीं आहे. नाक, कपाळ, हनुवटी, कान, वर्ण, अंगलट, यांवरून साधु कोण आणि चोर कोण हें सांगतां येईल काय?

'येतें' असें उत्तर देणारे पुष्कळ होऊन गेले. आपल्या देशांत सामुद्रिक म्हणून एक शास्त्रच मानलें जाई. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत पुरुषलक्षणांवर व कन्यालक्षणांवर निराळे अध्याय आहेत. मुलगी पाहावयास गेलेली मंडळी तिला चार पावलें चालावयास सांगत, त्याचें मूळ बहुधा तेथेंच असावें. ग्रीक लोकांतहि अशी विद्या होती. आरिस्टॉटलच्या नांवावर चालणारा एक ग्रंथ आहे. तो त्यानें स्वतः लिहिलेला नसावा, असें विद्वानांचें मत आहे. त्यांत मनुष्याचें तोंड ज्या जनावरासारखें, त्या जनावराचे गुण त्यांत, असा एक मार्ग दाखविला आहे. सिंहासारखें तोंड असेल तर शूर, आणि याप्रमाणें पुढें. इटालींत देल्ला पोर्ता नामक गृहस्थानें 1586 मध्यें याच धर्तीवर एक ग्रंथ छापून माणसांचीं व जनावरांचीं तोंडें शेजारीं शेजारीं काढून दाखविलीं. चित्रें मोठीं गमतीचीं आहेत. सिंहाची गोष्ट मात्र श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यावयाचें आहे.

या विद्येची पहिली नामांकित फजिती आथेन्स नगरांत झाली. ती गोष्ट सिसेरोनें लिहून ठेविली आहे. झोपिरस म्हणून एक मुद्रापरीक्षक होता. त्यानें सॉक्रेटिसास पाहिलें. सॉक्रेटिसाचें रूप कसें होतें हें त्याच्या शिष्यांनींच वर्णिलें आहे: चपटें नाक, बाहेर आलेले डोळे, जाड ओठ. झोपिरसानें त्याच्याकडे निरखून पाहून सांगितलें कीं, हा मनुष्य जड बुद्धीचा व विषयासक्त आहे. शिष्यमंडळी हंसूं लागली. सॉक्रेटिस मात्र हंसला नाहीं. तो म्हणाला कीं, या मनुष्याचें चुकलें नाहीं. हे दोष माझ्या प्रकृतींत जन्मतःच होते, विवेकाच्या बळानें मीं त्यांस घालवून दिलें.

या गोष्टीवर आम्हीं पुष्कळ विचार केला आहे, आणि दर खेपेस ती आम्हांस अधिक खोल वाटते. मुद्रापरीक्षक म्हणेल, पाहा, सॉक्रेटिसानेंच आमचें शास्त्र खरें ठरविलें! परंतु काय खरें ठरलें? मनुष्याला जन्मतः मिळालेलें भांडवल कदाचित् ओळखतां आलें असेल. त्या भांडवलाचें त्यानें पुढें काय केलें तें ओळखतां आलें नाहीं. आणि शील म्हणजे तरी दुसरें काय? उपजत तामसी असलेला मनुष्य सत्तर वर्षें आपल्या जिभेला लगाम घालून मरतो. उपजत शांत असलेला मनुष्य कधीं कोणाच्या उपयोगीं न पडतां मरतो. यांत सद्गुणी कोणता? आपल्या धर्मशिक्षणांत प्रकृति आणि कृपा हे दोन शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलों. कृपेनें प्रकृतीवर मिळविलेला विजय नाकाच्या आकारांत दिसूं लागेल, असें कोठेंहि शिकविलेलें आम्हांस स्मरत नाहीं.

अठराव्या शतकांत ही विद्या पुन्हा उचल खाऊन उठली. झुरिचचा प्रॉटेस्टंट उपदेशक योहान कास्पर लाव्हाटर यानें 1775 ते 1778 या काळांत चार मोठे सचित्र खंड प्रसिद्ध केले. लाव्हाटर मनानें वाईट नव्हता. देवानें मनुष्य आपल्या प्रतिमेप्रमाणें निर्माण केला, म्हणून त्याच्या मुखावर देवाचा हस्ताक्षर-लेख असलाच पाहिजे, अशी त्याची भाविक समजूत होती. प्रत्यक्ष कवि गटे यानें त्यास आरंभीं मदत केली. मग काय विचारतां? युरोपांतील सुशिक्षित घरांतून काळ्या कागदाच्या छायाकृति कातरून एकमेकांचे स्वभाव वाचण्याचें वेडच लागलें. 1799 सालीं फ्रेंच सैन्यानें झुरिच घेतलें तेव्हां रस्त्यांत एका शिपायानें लाव्हाटरला गोळी घातली. थोड्याच वेळापूर्वीं त्या शिपायाशीं तो सलोख्यानें बोलला होता, असें सांगतात. त्या जखमेनें तो पुढें 1801 मध्यें वारला. ज्यानें चार खंडभर मुद्रा वाचल्या, त्यास ती एक वाचतां आली नाहीं. हें आम्ही उपहासानें म्हणत नाहीं; जखमी होऊन पडलेल्या वृद्धाचा उपहास कोण करील?

त्याच्या ग्रंथाचा परिणाम मात्र दूरवर पोंचला. 1831 मध्यें बीगल नांवाचें जहाज पृथ्वीप्रदक्षिणेस निघावयाचें होतें. त्याचा कप्तान फिट्झरॉय हा लाव्हाटरचा कट्टा अनुयायी. जहाजावर सृष्टिनिरीक्षक म्हणून येऊं इच्छिणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणाचें नाक पाहून कप्तानास शंका आली कीं, असल्या नाकाच्या मनुष्यांत एवढ्या सफरीस लागणारा उत्साह व निश्चय असेल काय? तो तरुण म्हणजेच वर सांगितलेला डार्विन. ही हकीकत त्यानें स्वतःच आपल्या आत्मवृत्तांत लिहिली आहे. सुदैवानें कप्तानानें नाकाकडे दुर्लक्ष केलें; सफर जवळजवळ पांच वर्षें चालली. एका नाकापायीं विज्ञानाचें केवढें नुकसान व्हावयाचें राहिलें!

लाव्हाटरच्या हयातींतच त्यास एक प्रतिपक्षी भेटला होता. गॉटिंगेन येथील पदार्थविज्ञानाचा अध्यापक लिख्टेनबर्ग यानें 1778 मध्यें या मुद्राविद्येवर कडक टीका लिहिली. लिख्टेनबर्गच्या पाठीस मोठें कुबड होतें. शरीरावरून मनाची किंमत ठरविणें म्हणजे काय, हें त्यास कोणी शिकवावें लागलें नाहीं. त्यानें दिलेला इशारा असा: ही विद्या तिच्या भक्तांच्या आशेप्रमाणें खरोखर सिद्धीस गेली, तर फांशीस योग्य असें कृत्य करण्यापूर्वींच लोक मुलांस फांशीं देऊं लागतील.

वाचकांस वाटेल कीं ही नुसती वक्रोक्ति झाली. तसें नाहीं. शंभर वर्षांच्या आंत तें जवळजवळ खरें झालें. इटालियन वैद्य लोंब्रोसो यानें 1876 मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, कांहीं माणसें जन्मतःच गुन्हेगार असतात आणि रुंद जबडा, बाहेर निघालेले कान वगैरे खुणांवरून तीं ओळखतां येतात. कोर्टांत, तुरुंगांत, सरकारी कचेऱ्यांत हें मत मोठ्या आदरानें ऐकलें गेलें. पुढें इंग्लंडांत चार्ल्स गोरिंग या तुरुंगाच्या डॉक्टरानें तीन हजारांवर कैद्यांचीं मापें घेऊन इतर लोकांच्या मापांशीं ताडून पाहिलीं आणि 1913 मध्यें जाहीर केलें कीं, असा कोणताहि निराळा गुन्हेगारी साचा सांपडत नाहीं. लोंब्रोसो त्यापूर्वींच, 1909 मध्यें, वारला होता. त्याचें स्वतःचें मस्तक तूरिन येथील त्याच्याच संग्रहालयांत जपून ठेविलेलें आहे.

आणि आपल्या देशांत काय झालें? येथें तर तोंड पाहण्याचीहि तसदी घेतली गेली नाहीं. 1871 च्या कायद्यानें जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. पाळण्यांतलें मूलहि त्यांत आलें. नांवें नोंदवावयाचीं, पोलिसांकडे हजेरी द्यावयाची, परवान्यावांचून गांव सोडावयाचा नाहीं. सोलापूरच्या सेटलमेंटचें नांव वृद्ध मंडळींनीं ऐकलेलें असेल. तो कायदा 1952 मध्यें रद्द झाला. कागदावरून गेला, लोकांच्या डोळ्यांतून मात्र गेला नाहीं. आमच्याहि डोळ्यांतून गेला नव्हता.

आतां आमची गोष्ट. आम्ही तरुणपणीं एका खेड्यांतील शाळेंत शिक्षक होतों. वर्गांत पारधी वस्तीवरील एक मुलगा होता. केस पिंगट, अंगांत दुसऱ्या कोणाचा तरी मोठा सदरा, पाय धुळीनें माखलेले. अक्षर मात्र मोत्यासारखें. एके दिवशीं मुलांनीं सहलीसाठीं जमविलेले पैसे आमच्या टेबलावरून नाहींसे झाले. आम्हीं साऱ्या वर्गास उभें केलें आणि एकेकाच्या डोळ्यांत पाहत गेलों. गुन्हेगाराची नजर खालीं जाते, हें तत्त्व आम्हांस त्या वेळीं पक्कें ठाऊक होतें! सर्व मुलांनीं आमच्याकडे पाहिलें. त्या एका मुलानें मान खालीं घातली. आम्हीं विचारलें, तो बोलेना. आम्हीं छडी घेतली. तो रडलाहि नाहीं. आणि न रडणें हा आम्हांस निर्ढावलेपणाचा दुसरा पुरावा वाटला.

चार दिवसांनीं हजेरीपटाचें फाटलेलें वेष्टन बदलतांना त्याच्या आंतल्या घडींतून पैसे खालीं पडले. आम्हींच ते गडबडींत तेथें ठेविले होते. तोपर्यंत मुलगा शाळेंत यावयाचा बंद झाला होता. आम्ही त्याच्या वस्तीवर गेलों. बापानें घोंगडें टाकलें, पाणी दिलें, आणि आम्ही बोलत असतां सारा वेळ तो जमिनीकडे पाहत होता. तेव्हां आम्हांस उमगलें. साहेब, पोलीस, पाटील, मास्तर, यांच्यासमोर डोळा वर करावयाचा नाहीं, हें त्या घरांत मुलास चालण्याआधीं शिकविलें जात होतें. जी नजर आम्हीं अपराधाची म्हणून वाचली, ती त्यांच्याकडील अदबीची होती. आणि अदबीच्या पोटांत भय होतें. आम्हीं क्षमा मागितली. बाप 'असूं द्या, गुरुजी' एवढेंच म्हणाला. मुलगा झोपडीच्या मागें होता. तो पुढें आला नाहीं, शाळेंतहि परत आला नाहीं.

ही गोष्ट आम्हीं आजवर फार थोड्यांस सांगितली आहे.

अलीकडच्या संशोधकांनीं या बाबतींत जे प्रयोग केले आहेत ते वाचून आमची सुटका होत नाहीं, परंतु आमचें काय झालें तें कळतें. अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठांत 2006 मध्यें असें दाखविण्यांत आलें कीं, अनोळखी मनुष्याचें तोंड सेकंदाचा दहावा भाग दिसलें तरी पाहणारा तो विश्वासू कीं लबाड हें मनाशीं ठरवून मोकळा होतो. अधिक वेळ दिला तर मत फारसें बदलत नाहीं. आपलें मत बरोबर आहे हा विश्वास तेवढा वाढतो. त्याआधीं 2005 मध्यें तेथल्याच संशोधकांनीं दाखविलें होतें कीं, उमेदवारांचीं नुसतीं छायाचित्रें पाहून 'अधिक कर्तबगार कोण दिसतो' असें लोकांस विचारलें, तर अमेरिकन सेनेटच्या शेंकडा 70 च्या आसपास निवडणुकींत त्यांनीं निवडलेलाच उमेदवार विजयी झालेला असे. म्हणजे तोंडावरून कर्तबगारी कळते, असें नव्हे. तोंडावरून मतें पडतात, असें. याहून भयंकर गोष्ट फ्लॉरिडा संस्थानांतील खुनाच्या कैद्यांची. 2015 च्या एका पाहणींत असें आढळलें कीं, जन्मठेप झालेल्यांपेक्षां देहांत शिक्षा झालेल्यांचीं तोंडें लोकांस कमी विश्वासू वाटतात. आणि पुढें निर्दोष ठरून सुटलेल्यांतहि तोच भेद दिसून आला. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा, आणि तिचें माप चेहऱ्याच्या ठेवणीवर!

हें कमी होतें म्हणून कीं काय, आतां यंत्रांकडूनहि तेंच काम करवूं पाहतात. 2016 मध्यें शांघायच्या दोघां संशोधकांनीं जाहीर केलें कीं, त्यांच्या संगणकास नुसत्या फोटोवरून गुन्हेगार ओळखतां येतो. टीकाकारांनीं फोटो निरखून पाहिले. निरपराध मंडळींच्या अंगांत पांढऱ्या कॉलरचे सदरे होते आणि ओठांवर किंचित् हंसूं होतें. गुन्हेगार म्हणून दिलेल्यांच्या तसें नव्हतें. यंत्रानें बहुधा कॉलर आणि हंसूं ओळखलें. आम्हीं सदरा आणि धूळ ओळखली होती. यंत्रास आम्ही हंसत नाहीं.

आतां पवित्र शास्त्राकडे वळूं. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरीं राजा निवडावयास गेला, थोरल्या अलियाबाची उंची व देखणेपण पाहून भुलला आणि देवानें त्यास टोंकलें, ही कथा आपणां सर्वांस माहीत आहे. त्याच अध्यायांत दावीदास आणल्यावर मात्र लेखकास तो तांबूस वर्णाचा, सुंदर डोळ्यांचा व देखणा होता, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मनुष्यस्वभाव हा असा आहे! याच्या उलट चारहि शुभवर्तमानें पाहा. येशू उंच होता कीं ठेंगणा, गोरा कीं सांवळा, एक अक्षर नाहीं. रूपांतराच्या वेळीं त्याचें मुख तेजस्वी झालें एवढेंच सांगितलें. तें मुख एरव्हीं कसें होतें, तें नाहीं.

यूदासाच्या रूपाविषयींहि एक अक्षर नाहीं. या गोष्टीकडे आमचें लक्ष फार उशिरां गेलें. चित्रकारांनीं त्यास कसा रंगविला आहे तें आपण पाहतोंच. पादुआ येथील भिंतीवर जोत्तोनें चौदाव्या शतकाच्या आरंभीं काढलेल्या चित्रांत यूदास पिंवळ्या झग्यांत आहे, आणि त्याचें ओबडधोबड तोंड पाहतांच लहान मूलहि बोट दाखवील कीं, हाच तो. परंतु शेवटच्या भोजनाच्या रात्रीं काय घडलें? तुमच्यांतला एक मला धरून देईल, असें गुरूनें म्हटल्यावर बारा जणांपैकीं एकानेंहि यूदासाकडे पाहिलें नाहीं. जो तो स्वतःविषयींच साशंक होऊन विचारूं लागला कीं, प्रभो, मी तर नव्हें ना? कित्येक दिवस एका ताटांत जेवलेल्या, एका वाटेनें चाललेल्या माणसांस जें दिसलें नाहीं, तें तेराशें वर्षांनंतरच्या चितारी लोकांस दिसूं लागलें. यूदास जर चित्रांतल्यासारखा दिसत असता, तर त्याच्या हातीं थैली कोणी दिली असती?

शेवटचें उदाहरण संत दामियन यांचें घेतों, आणि त्यावर जरा अधिक रेंगाळतों. कारण तें आमचें आवडतें आहे. बेल्जममध्यें 1840 सालीं जन्मलेले हे धर्मगुरु 1873 मध्यें हवाई बेटांपैकीं मोलोकाई येथें, महारोगी लोकांस नेऊन सोडण्याच्या जागीं, स्वेच्छेनें गेले. याच 1873 सालीं नॉर्वेंत हान्सेन यानें त्या रोगाचे जंतु शोधून काढले. तोपर्यंत, आणि नंतरहि पुष्कळ काळ, लोक त्या रोगाकडे पापाची उघडी पडलेली खूण म्हणूनच पाहत. आमच्या देशांतला 1898 चा महारोग्यांचा कायदा तर 2016 मध्यें रद्द झाला. असो. त्या रोगांत तोंडाची कातडी जाड होऊन सुरकुत्यांच्या वळ्या पडतात. वैद्यकांत त्यास सिंहमुद्रा म्हणतात. शूराचें तोंड सिंहासारखें असतें म्हणणाऱ्या जुन्या ग्रंथकारास ही सिंहमुद्रा ठाऊक होती काय, कोण जाणे. दामियन यांस तो रोग जडला, आणि 15 एप्रिल 1889 रोजीं, वयाच्या एकुणपन्नासाव्या वर्षीं, ते वारले. शेवटच्या आजारांतील त्यांचीं छायाचित्रें आहेत. तें सुजलेलें, विद्रूप तोंड एखाद्यानें नांव झांकून पाहिलें तर तो काय म्हणेल?

पुढच्याच महिन्यांत इंग्रजी कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन तेथें गेला. हा स्कॉच मनुष्य, प्रॉटेस्टंट घरांत वाढलेला. तीन वर्षांपूर्वीं, 1886 मध्यें, त्यानें एका डॉक्टराच्या दुहेरी जीवनाची प्रसिद्ध कथा लिहिली होती. त्या कथेंतील दुष्ट पुरुषाचें नांव हाइड. त्यास पाहतांच, कारण सांगतां येत नसलें तरी, प्रत्येकास किळस येते. म्हणजे दुष्टाचें तोंड किळसवाणें असतें, या समजुतीवरच त्या कथेचा बराच भार आहे. मोलोकाईच्या वसाहतींत स्टीव्हन्सन सुमारें आठवडाभर राहिला, रोगी मुलींबरोबर चेंडूचा खेळ खेळला, आणि दामियन यांस ओळखणाऱ्या लोकांकडून त्यांचे गुणदोष ऐकून परतला.

त्यानंतर एक पत्र छापून आलें. तें लिहिणारा होनोलूलू येथील एक मिशनरी. आणि योगायोग पाहा, त्याचें नांवहि हाइड. दामियन हे गलिच्छ, अडाणी व हेकट होते, असा त्यांत सूर होता, आणि त्यांच्या शीलावरहि शिंतोडे उडविले होते. स्टीव्हन्सननें 1890 मध्यें त्यास उघड पत्र लिहून उत्तर दिलें. त्या उत्तराची खुबी अशी कीं, त्यानें दामियन यांस गोंडस करून दाखविलें नाहीं. हात मळके होते? होते. वागणें रांगडें होतें? होतें. हट्टी होते? होते. मग म्हणतो, तुम्ही होनोलूलूच्या आपल्या सुखवस्तु घरांत बसून स्वच्छ राहिलांत, आणि तो मळका खेडवळ शेतकऱ्याचा मुलगा तिकडे गेला. आम्हांस वाटतें कीं, विद्रूप चेहऱ्यांच्या त्या वसाहतींत त्या लेखकाच्या स्वतःच्याच कथेंतील तें गृहीतक गळून पडलें असावें. हें त्यानें कोठें लिहिलेलें नाहीं. हा आमचा तर्क आहे. फादर दामियन यांस 2009 मध्यें संतपद देण्यांत आलें, तेव्हां त्यांच्या त्या मळक्या हातांचा हिशेब पुरा झाला.

कोणी विचारील, मग बाहेरून कांहींच कळत नाहीं काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. जन्मभर उन्हांत राबलेल्याचे हात राबलेले दिसतात. वर्षानुवर्षें हंसणाऱ्याच्या डोळ्यांच्या कडांस सुरकुत्या पडतात. त्यावरून तो पुष्कळ हंसला एवढें कळतें, कोणाला हंसला तें कळत नाहीं. मनुष्य आपल्या गड्यामाणसांशीं कसा बोलतो, उसनें घेतलेलें केव्हां परत करतो, आजाऱ्याच्या उशाशीं किती वेळ बसतो, हें पाहावें, आणि तेंहि वर्षें दोन वर्षें पाहावें. यास वेळ लागतो. सेकंदाच्या दहाव्या भागाशीं त्याची बरोबरी होणार नाहीं. आणि आपणां सर्वांस घाई असते, हीच तर अडचण आहे.

आमच्या ख्रिस्तसभेंत एक जागा मात्र अशी आहे, जेथें मनुष्याचें अंतरंग त्याचें तोंड न पाहतां ऐकलें जातें. पापनिवेदनाच्या कोनाड्यास मधोमध जाळी असते. सोळाव्या शतकांत मिलानचे महागुरु संत चार्ल्स बोरोमियो यांनीं ती पद्धति आपल्या प्रांतांत कडकपणें लागू केली. हेतु शिष्टाचाराचा होता, मुद्राविद्येचें खंडन करण्याचा नव्हता, हें आम्हीं प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तरी पण आंत बसलेल्या धर्मगुरूस सदऱ्याची कॉलर दिसत नाहीं, पायांची धूळ दिसत नाहीं, खालीं गेलेली नजर दिसत नाहीं. आवाज तेवढा येतो. त्या दिवशीं आमच्या वर्गांत अशी एक जाळी असती तर बरें झालें असतें, असें आमच्या मनांत पुष्कळदां येतें.

त्या मुलाची आमची पुन्हा एकदां गांठ पडली. बावीस वर्षें लोटलीं होतीं. तालुक्याच्या एस. टी. स्टँडवर आम्ही गाडीची वाट पाहत उभे असतां एक उंच, दाढी वाढलेला, उन्हानें रापलेला गृहस्थ एकाएकीं समोर येऊन उभा राहिला. आम्ही हातांतली पिशवी जवळ ओढली. हेंहि सांगून टाकतों. त्यानें आपलें नांव सांगितलें. तो मालमोटार चालवीत होता, मुलगी दहावींत होती आणि तिचें अक्षर आपल्यासारखेंच चांगलें आहे, असें तो म्हणाला. आमची प्रकृति विचारली, शाळेची विचारली. पैशांची गोष्ट त्यानें काढली नाहीं. आम्हीं काढूं म्हटलें तर तोंडांतून शब्द फुटेना. बोलतांना तो सारा वेळ आमच्या डोळ्यांत सरळ पाहत होता, आणि आम्ही जमिनीकडे.